पानाचा खालचा अर्धा भाग

सुनंदा,

तुझ्या बॅचची जर्नलं माझ्या टेबलावर येऊन पडली आहेत. तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. पाचव्याच दिवशी विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, थिअरी ऑफ मशीन्सचं प्रॅक्टिकल आता तुम्हीच घ्या. सत्र संपत आलंय, दुसरं कोण घेणार?" मी मान हलवली. गवळीमामांनी गठ्ठा आणून ठेवला आणि जाता जाता म्हणाले, "बाईंच्या कपाटाची चावी पन तुमच्याकडंच द्यायची म्हनले सर." प्रयोगशाळेची झाडलोट आणि तेलपाणी बघणारा हा माणूस आम्हा बाकीच्या सगळ्याजणींना मॅडम म्हणतो आणि तुला एकटीला बाई म्हणायचा. तो नाक पुसत गेला आणि मी वरचं जर्नल उघडलं.

मागून उघडलं. हाताला ही तुझी खोड कधी लागली कोण जाणे. तेवीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसल्याचा परिणाम, दुसरं काय.

जर्नलच्या पुढच्या भागाशी तुझं कधीच भांडण नव्हतं. उद्देश, साहित्य, आकृती, निरीक्षणं, निष्कर्ष, सगळं निळ्या शाईत आणि सगळं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं. 'गव्हर्नर'च्या स्पेलिंगमधली एक चूक आपल्या विभागात मी आले तेव्हापासून वारसाहक्काने चालत आलीय. तू त्यावर निमूट सही करायचीस. "ते विद्यापीठासाठी आहे," म्हणायचीस, "माझं मागे आहे."

मागे म्हणजे शेवटच्या पानांवर. यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येकाने एका कोऱ्या पानावर मधोमध आडवी रेघ मारायची. वरच्या अर्ध्या भागात पेन्सिलीने लिहायचं, आता काय होईल आणि मला तसं का वाटतं. खोडरबर तुझ्या टेबलावर जमा. मग प्रयोग. मग रेघेखाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं आणि माझा अंदाज का चुकला. ज्याचा अंदाज बरोबर यायचा त्याची सुटका नव्हतीच. त्याने लिहायचं की तो कारणाने बरोबर आला की नशिबाने, आणि या पोरांची पानं सगळ्यात जास्त वेळ खायची. भाषेची अट नव्हती. मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी, काहीही. रेघ मारून झाली की तू टेबलाच्या कडेला टेकायचीस आणि तुझ्या नामपूरच्या अहिराणीत विचारायचीस, "हं, काय व्हई?" आता काय होईल? सुरगाण्याची पोरं असोत, इगतपुरीची असोत की गंगापूर रोडची, सगळी त्याला 'काय व्हई पान' म्हणतात. आपल्या दोघींच्या नोकरीत पोरांनी आपण होऊन लक्षात ठेवलेली एवढी एकच संज्ञा असेल.

आणि मी या पानाच्या पहिल्या दिवसापासून विरोधात. हे तुझ्या शोकसभेत कुणी बोललं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी पंचवटीतली, उपाध्यायांच्या घरातली. बाबा यात्रेकरूंचे विधी करायचे आणि सकाळी ओटीवर आम्हा भावंडांना बसवून पाठ म्हणून घ्यायचे. अर्थ विचारला की म्हणायचे, "आधी तोंडात बसू दे. अर्थ मागून येतो." मी इंजिनिअरिंगही तसंच केलं. सूत्रं, सिद्धता, पाठ. विद्यापीठात पहिली आले. शिकवायला लागले तेव्हाही तेच. माझ्या वर्गात कोरिऑलिस म्हटलं की, म्हणजे फिरत्या दांडीवर सरकणाऱ्या तुकड्याला जे जादा त्वरण मिळतं ते, साठ पोरं एका सुरात त्याच्या दिशेचा नियम म्हणतात. तू बाहेरून जाताना दारात थांबून हात जोडायचीस. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

"तुझा एक प्रयोग होईपर्यंत माझे तीन होतात," मी म्हणायचे.

"हो ना. आणि माझ्या एका प्रयोगात पोरं तीनदा चुकतात. हिशेब बरोबर झाला."

"चुकून काय मिळतं गं? परीक्षेत अंदाजाला मार्क आहेत का?"

"माले नाही माहीत," तू चहा बशीत ओतून फुंकर मारत म्हणायचीस. कपाला तोंड लावून चहा प्यायलेलं मी तुला कधी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये नवीन कप आले तेव्हा त्यांच्याबरोबर बश्या नव्हत्या, तर तू घरून स्वतःची आणलीस, काठाला हिरवी रेघ असलेली. "पण वैजू, तुझा तो अर्थ मागून येतो ना, त्याची गाडी कधीकधी चुकते. पोरगं पास होऊन निघून गेलेलं असतं आणि अर्थ येऊन स्टँडवर उभा."

हे भांडण आपण किती वर्षं घातलं! कुणी जिंकलं नाही, कुणी आवाज चढवला नाही आणि चहा कधी चुकला नाही.

एक मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तुला चुकीची पानं वाचताना बघायला मला फार आवडायचं. पत्र आल्यासारखी वाचायचीस. पेठकडची एक मुलगी होती बघ, जिने लिहिलं होतं की जड फ्लायव्हील उशिरा थांबेल, कारण त्याचं वजन त्याला फिरवत ठेवतं. मी म्हटलं, जडत्व शिकवलंय का हिला कुणी? लाल पेनने खोड आणि पुढे जा. तू खोडलं नाहीस. तीन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरलीस. वजन फिरवतं, असं हिने कुठे पाहिलं असेल? शेवटी तिलाच विचारलंस. तिच्या घराजवळच्या विहिरीवर रहाट होता. भरलेली बादली हातातून सुटली की ती वजनाने खाली जायची आणि चाक गरगरा फिरायचं. मुलीने डोळ्यांनी पाहिलेलं तेच तर लिहिलं होतं. "आता बोल," तू मला म्हणालीस, "ही चूक खोडू की हिच्या विहिरीवर जाऊ?" गेली नाहीस, पण प्रयोगशाळेत दोरी आणि बादली आणलीस. बादली जमिनीला टेकली की पुढे चाक कोण फिरवतं, हे तिला बघायला लावलंस. मी त्या दिवशी माझा तास बुडवून दारात उभी होते. तुला वाटलं, मी डस्टर शोधायला आलेय.

आता सायकलचं.

सायकल तुझ्या वडिलांची, काळी, दांड्याची. नामपूरला बाजार समितीच्या रस्त्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तू चौथीत असल्यापासून चाकाची आऊट काढायचीस, म्हणजे डुगडुगणारं चाक तारा आवळून सरळ करायचीस, हे तू इतक्यांदा सांगितलं होतंस की मीसुद्धा ते स्वप्नात केलं असेल. ते गेल्यावर सायकल तू प्रयोगशाळेत आणून ठेवलीस. सहा वर्षांपूर्वी, सुट्टी लागलेली, विभागात आपण दोघी आणि गवळीमामा. तू सायकल उभी केलीस, मामांना सीटपाशी नुसती पडू नये एवढी धरायला लावलीस. एक पेडल सरळ खाली, जमिनीजवळ. त्याला सुतळी बांधलीस आणि सुतळी घेऊन सायकलच्या मागे जाऊन उभी राहिलीस.

"मी ही सुतळी माझ्याकडे, म्हणजे मागे ओढणार. सायकल पुढे जाईल की मागे येईल? काय व्हई?"

"पुढे," मी म्हटलं. "खालचं पेडल मागे जातं तेव्हाच तर सायकल पुढे जाते. हे काय विचारणं झालं?"

"लिहून दे."

"अगं, मी काय सेकंड इयरला आहे?"

"वैजू, लिहून दे ना."

मी पेन्सिल घेतली नाही. मी पेनने लिहिलं. कागदावर रेघ मारली, वर चाकाची त्रिज्या, पेडलची लांबी, दात्यांचं गुणोत्तर, साखळीतला ताण, सगळं मांडून ठसक्यात 'पुढे जाईल' लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ ओढली. सवयच तशी.

तू सुतळी ओढलीस. सायकल मागे आली. सरळ तुझ्याकडे, मामांना घेऊन.

मी म्हटलं, टायर घसरला. तू टायरखाली पोतं टाकलंस. मागे आली. मी म्हटलं, साखळी सैल आहे. मामा म्हणाले, "मॅडम, साखळी म्या परवाच ताणलीय." पुन्हा मागे आली. मग मी स्वतः ओढली आणि ती येऊन माझ्या गुडघ्याला लागली.

तू हसली असतीस तर बरं झालं असतं. तू कागद माझ्यापुढे सरकवलास आणि अगदी खरोखरच्या उत्सुकतेने विचारलंस, "तुले असं का वाटनं? पुढे जाईल असं तुला का वाटलं ते लिही ना खाली. मला तेच हवंय. मलाही पहिल्यांदा पुढेच वाटलं होतं. पण माझं कारण दुकानातलं होतं. तुझं कारण काय असेल, ते मला कळत नाहीये."

आणि मी म्हटलं, "माझी मीटिंग आहे."

मीटिंग कसली! सुट्टी होती. मी घरी गेले आणि पंख्याकडे बघत पडले. सायकल का मागे आली हे मी संध्याकाळपर्यंत काढलं होतं, समीकरणात एक चिन्ह चुकलं होतं. चिन्ह दुरुस्त केलं की उत्तर मागे. एवढं येऊन तुला सांगता आलं असतं. पण तू चिन्ह विचारलं नव्हतंस. तू 'का वाटलं' ते विचारलं होतंस, आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. सतरा वर्षं साखळी आणि दाते शिकवणाऱ्या बाईला आपण सायकलबद्दल काय समजून चाललो होतो हेच ठाऊक नव्हतं. ते तोंडाने कबूल करायचं म्हणजे या वयात चारचौघांत माझं जावळ पुन्हा काढण्यासारखं होतं. त्यानंतर तुझ्या प्रयोगशाळेत मी कामाशिवाय पाय ठेवला नाही. तू कुणालाही काही सांगितलं नाहीस. चहाला रोज हाक मारत राहिलीस.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती आणि तू सिस्टरला विचारत होतीस की सलाइनची बाटली वर टांगली काय आणि खाली ठेवली काय, काय फरक पडेल, तुला काय वाटतं? ती बिचारी म्हणाली, "मावशी, तुम्ही झोपा हो." मग माझ्याकडे वळून तू म्हणालीस, "वैजू, तुझं पान अर्धं राहिलंय हं." मला कळलं. क्षणभरात कळलं. आणि मी म्हटलं, "तू आधी बरी हो, मग बघू." तुझ्या पायावरची चादर नीट केली, मोसंबी सोलली. चार दिवसांनी मामांचा फोन आला. सुनंदा, त्या मोसंबीची मला लाज वाटते.

परवा कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात व्हर्निअर, दोऱ्याची रिळं, तुझी बशी. खालच्या कप्प्यात एक जाड फाइल, तिच्यावर तुझ्या अक्षरात 'छान चुका'. पेठच्या त्या मुलीचं रहाटाचं पान होतं, आणखी कितीतरी होती. माझं पान मिळेल हे मला माहीत होतं आणि मिळालं. निळी शाई, दुहेरी रेघ, खाली अर्धं कोरं. तू त्यावर माझं नाव घातलं नव्हतंस.

पण त्याच्या मागे आणखी एक पान होतं आणि ते तुझं होतं. पेन्सिलीने लिहिलेलं, मधोमध रेघ मारलेलं. वर लिहिलं होतं, 'अंदाज: वैजूच्या वर्गात कोरिऑलिस पाठ केलेली पोरं वर्षभरात ते विसरतील. कारण: न समजता बसलेलं टिकत नाही.' रेघेखाली: 'फायनल इयरच्या चौघांना गाठून विचारलं. चौघंही विसरली नाहीत. एक मुलगी नियम म्हणता म्हणता मध्येच थांबली, हातातला डबा गोल फिरवून बघितला आणि म्हणाली, अच्छा, म्हणून होय! माझ्यासमोर कळलं तिला. पाठ नसतं तर कळायला हाताशी काय होतं तिच्या? अंदाज चुकला. का चुकला?'

पुढे काही नाही. कोरं.

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हणजे बाबांचा अर्थ खरंच मागून आला होता, तुझ्या डोळ्यांसमोर, आणि तू मला सांगितलं नाहीस! केवढी गं बेरकी! की सांगणार होतीस? की माझ्या अर्ध्या पानाची वाट बघत होतीस, आधी मी, मग तू? मला रागही आला, आणि तू आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी हरलीस म्हणून आनंदही झाला. तो आनंद दाखवायला समोर माणूस नाही, हे लक्षात आलं तेव्हा मात्र मी रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मामा दारातून वळून गेले.

मग मी तेच केलं जे तू केलं असतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. शाळेची मुलं सायकलवरून जात होती. मी एकेका सायकलचं पेडल बघत होते, फक्त पेडल. वॉचमन विचारायला लागला, "मॅडम, काही हरवलं का?" दहा मिनिटं गेली आणि मग ते दिसलं. पेडल मागे जातच नाही. बसणाऱ्याला वाटतं खाली आलेलं पेडल मागे चाललंय, पण रस्त्याच्या कडेने बघितलं तर ते थोडं रेंगाळतं एवढंच. पुढेच जातं, कारण सायकल त्याच्याहून जास्त पुढे जात असते. मग बाहेरून कुणी ते मागे ओढलं तर सायकल पुढे जाईल कशी?

आणि मला पुढे का वाटलं होतं, तेही तिथेच उभ्या उभ्या कळलं. इतकं साधं होतं.

त्याच दिवशी, गुरुवारी, प्रॅक्टिकल घेतलं. मामांनी सायकलमध्ये हवा भरून ठेवली होती, न सांगता. समोर बावीस पोरं. मी म्हटलं, मागचं पान काढा, रेघ मारा. पुढून कुणीतरी हळूच म्हटलं, "मॅडम, तुम्ही पण काय व्हई घेणार?" मी म्हटलं, घेणार. मी सुतळी बांधली, मागे जाऊन उभी राहिले. 'काय व्हई' म्हणायला गेले, पण तुझ्यासारखं येईना, तेव्हा "काय होईल?" म्हटलं. एकवीस जणांनी 'पुढे' लिहिलं. इगतपुरीहून येणारी हर्षदा, जी सगळ्यांशी वाद घालते, तिने लिहिलं, 'मागे, कारण मॅडम उगाच विचारणार नाहीत.' मी ओढली. सायकल मागे आली. तुला नेहमी हवा असायचा तोच चकित झाल्याचा आवाज झाला, बावीस तोंडांमधून एकदम.

मग मी तुझ्या फाइलमधलं माझं पान काढलं आणि त्यांना दाखवलं. म्हटलं, हे पान माझं आहे. सहा वर्षांपूर्वीचं. पेनने लिहिलंय, कारण मला चुकण्याची शक्यताच वाटली नव्हती. सुनंदा मॅडमनी मला खालचा भाग भरायला सांगितला होता आणि मी पळून गेले. आज भरते. आणि फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, तुला वाचता येईल एवढ्या:

'मला वाटलं सायकल पुढे जाईल, कारण मी मनातल्या मनात सीटवर बसले होते. सुतळी ओढणारी बाहेर, जमिनीवर उभी आहे, हे मी पाहिलंच नाही. सूत्र मांडलं, पण मी उभी कुठे आहे ते मांडलं नाही.'

मला वाटलं होतं, जमीन दुभंगेल. काही झालं नाही. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही टॉपर होता ना?" मी म्हटलं, होते. तो म्हणाला, "मग लय भारी." त्याला नेमकं काय म्हणायचं होतं देव जाणे, पण मला बरं वाटलं. पोरांनी फोन काढून बाजूने चित्रीकरण केलं, एकाला सायकलवर बसवलं, पेडलला लाल पट्टी चिकटवली आणि ते मागे जात नाही हे स्वतः तपासलं. मी सांगितलेलं त्यांनी मानलं नाही, याचा मला आनंद झाला. हे वाक्य मी लिहिलंय, वैजयंतीने. बघ काय दिवस आलेत.

सिद्धता मात्र मी पाठ करून यायला सांगितलीय. तुझं पान वाचल्यावर ती तर मी सोडणारच नाही.

शेवटी हर्षदा उठली. "मॅडम, सायकल पेडलपेक्षा जास्त पुढे जाते म्हणून ती मागं आली, बरोबर? मग मागचं चाक लहान लहान करत नेलं तर? ती एका फेऱ्यात पुढं जाणारच थोडी. मग कधीतरी पेडल खरंच मागं जाईल ना? तेव्हा ओढलं तर पुढं जाईल का नाय?"

सुनंदा, मी तेवीस वर्षांत इतका चांगला प्रश्न ऐकला नव्हता, आणि मला उत्तर येत नव्हतं. तोंडावर 'पुढच्या तासाला सांगते' आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, माहीत नाही, रेघ मारा. मीही एका कोऱ्या कागदावर रेघ मारली. या वेळी पेन्सिलीने.

घरी हिशेब केला. तिचं बरोबर आहे. चाक लहान करत गेलं की एक वेळ अशी येते की सायकल जागची हलतच नाही, आणि त्याहून लहान केलं की ती पुढे जाते. तुझ्या वडिलांच्या सायकलला पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा, पेडलचा दांडा सतरा सेंटिमीटर. मागच्या चाकाचा व्यास चौदा सेंटिमीटरच्या आत आला, की सायकल पुढे. पेडल जमिनीत रुतेल म्हणा, पण ते वर्कशॉपवाले बघतील, मॉडेल करायचं ठरलंय.

म्हणजे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं गं. एक सायकल अशी होती, फक्त कुणी बनवली नव्हती. हे कळल्याबरोबर मी चपला घालायला उठले होते, तुझ्या घरी येऊन सांगायला. एक चप्पल घातलीही होती.

आज कॉलेजात येऊन तुझं कपाट उघडलं, व्हर्निअर घेतलं आणि तुझी बशी मोजली. तेरा सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. मॉडेलला मागचं चाक तेवढंच घ्यायला सांगितलंय. तुझ्या बशीवर माझी सायकल पुढे जाणार.

माझं पान भरलं. तुझं मी कोरंच फाइलमध्ये ठेवलंय. तुझा अंदाज का चुकला, ते दुसऱ्या कुणाला तुझ्या वतीने लिहिता येणार नाही. माझ्या मनात एक कारण आहे. पण ते मी आधी ऐकवणार नाही, आधी तुझं. बशीत चहा ओतून ठेवते.

तुझी,
वैजू